पुण्यात फ्लॅटमध्ये छोटी, सहसा न दिसणारी ऑर्किड्स जगतात का आणि रोपं कुठून घ्यायची?

जगतात की, फक्त जात बघून घ्या. मास्डेव्हालियाचे फोटो बघून नादी लागू नका, ती अँडीजच्या थंड, ढगाळ जंगलातली, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिचं काही खरं नाही. त्यापेक्षा डेंड्रोबियम जेनकिन्साय घ्या, ईशान्य भारतातलं आहे, कंद, म्हणजे खोडाचे फुगीर भाग, जेमतेम बोटाच्या पेराएवढे आणि वसंतात त्या मानाने भलंमोठं पिवळं फूल. याला हिवाळ्यात थंडी आणि कोरडेपणा लागतो, जो पुण्यात फुकट मिळतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद, लोक इथेच प्रेमाने पाणी घालत राहतात आणि मग फूल येत नाही म्हणून रडतात. कुंडीत कोंबू नका, लाकडाच्या फळीला बांधा. मुळं चंदेरी दिसली की तहान लागलीये, भिजली की हिरवी होतात, एवढं कळलं तरी पुष्कळ. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ फवारा आणि पूर्वेची बाल्कनी, बास.

रोपं कालिम्पाँग, सिक्कीम, केरळकडच्या नर्सऱ्या कुरिअरने पाठवतात, मे सोडून कधीही मागवा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनालाही चक्कर मारा. पण रस्त्यावर कोणी ताम्हिणी-महाबळेश्वरकडची म्हणून विकत असेल तर घेऊ नका, ती जंगलातून ओरबाडलेली असतात. तुटकी मुळं, सालीचा तुकडा चिकटलेला, पानं किड्यांनी खाल्लेली, असं दिसलं की समजायचं. लॅबमध्ये वाढवलेली रोपं एकसारखी आणि स्वच्छ असतात.