नवा हातातला रेडिओ स्कॅनर एकतर सतत खरखरतो नाहीतर तासन्‌तास गप्प असतो. तो नीट लावायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की स्कॅनरमध्ये, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासणाऱ्या रेडिओत, यादीतून दोनशेच्या आसपास फ्रिक्वेन्सी भरल्या, पण स्कॅन दाबलं की एकाच चॅनेलवर खरखर अडकून राहते आणि नॉब फिरवून ती बंद केली की मग काहीच ऐकू येत नाही. संच खराब आहे का, असं विचारलंय. बहुधा नाही. अँटेना कमी पडतेय, स्क्वेल्च (खरखर दाबणारा नॉब) जास्त आवळलाय, मोड (एएम की एफएम) चुकलाय, सेल उतरलेत, की त्या घडीला कुणी बोलतच नाहीये, या पाचही गोष्टी कानाला सारख्याच वाटतात, आणि दोनशे चॅनेल पळत असताना त्यातली कुठली खरी हे शोधता येत नाही. म्हणून ती यादी तूर्त बाजूला ठेवा. अखंड चालू असलेला एकच सिग्नल पकडा, त्यावर संच बसवून घ्या आणि मग एकेक गोष्ट वाढवा.

त्याआधी आपल्या देशातला कायदा बघून घ्या. काही ठिकाणी स्कॅनर सहज विकत मिळतो, पण सर्वसामान्यांसाठी नसलेले संदेश ऐकणं गुन्हा असतो. काही ठिकाणी संच जवळ बाळगायलाच परवाना लागतो, गाडीत नेण्याचे नियम आणखी वेगळे असतात. ऐकलेलं दुसऱ्याला सांगण्यावरही बंदी असू शकते. हे गृहीत धरून पुढे जाऊ नका.

सेलबद्दल एकच गोष्ट, पण ती चुकवू नका. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या बऱ्याच स्कॅनरमध्ये सेलच्या खोबणीत एक छोटा स्विच असतो: साधे अल्कलाइन की रिचार्जेबल. अल्कलाइन सेल घालून स्विच रिचार्जेबलवर ठेवला आणि यूएसबी केबल जोडली, तर संच ते सेल चार्ज करायला जातो आणि ते गळतात, फुटूही शकतात. उलट रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे आणि स्विच अल्कलाइनवर असेल, तर ते चार्ज होतच नाहीत आणि बॅटरीची खूणही चुकीची दिसते.

आता पहिला सिग्नल. तुमच्या संचात 88 ते 108 मेगाहर्ट्झ असेल तर जवळचं एफएम केंद्र लावा, मोड वाइड एफएम (रुंद पट्ट्याचा, प्रसारण केंद्रांसाठीचा) ठेवा. पुष्कळ स्कॅनर मात्र 108 च्या पुढेच सुरू होतात. मग विमानतळ जवळ असेल तर तिथली एटीआयएस, म्हणजे वैमानिकांसाठीची ध्वनिमुद्रित माहिती-सेवा, लावा. वारा, दृश्यमानता, चालू धावपट्टी अशी माहिती ती पुन्हापुन्हा वाचत राहते. अमेरिकेत 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झवर हवामानाचं प्रसारण दिवसरात्र चालतं. यातलं काहीच नसेल तर काटा फिरवायचा जुना एफएम रेडिओ शोधा. तो 108 वर ठेवला की त्याच्या आतला ऑसिलेटर (स्वतःची लहर तयार करणारा भाग) बहुधा त्याहून 10.7 मेगाहर्ट्झने जास्त, म्हणजे 118.7 च्या आसपास चालतो आणि थोडासा बाहेर झिरपतो. स्कॅनर एएममध्ये त्याच आकड्यावर ठेवून रेडिओजवळ न्या, आकडा थोडा मागेपुढे करा. खरखर एकदम दबली की समजा, संच ऐकतोय. डिजिटल ट्यूनिंगच्या नव्या रेडिओवर हे जमेलच असं नाही.

सिग्नल मिळाला की होल्ड किंवा मॅन्युअल दाबून तिथेच थांबा आणि स्क्वेल्च समजून घ्या, कारण तुमची अर्धी अडचण इथेच आहे. स्क्वेल्च म्हणजे आवाजाच्या वाटेवरचं दार. ते उघडं असलं की रिकाम्या चॅनेलवरची खरखरही आत येते, आणि स्कॅनरला वाटतं की सिग्नल सापडला, म्हणून तो तिथेच थांबतो. आकडे पळत नाहीत ते यामुळे. दार फार घट्ट लावलं की लांबचा, बारीक आवाज बाहेरच राहतो आणि स्कॅनर त्याच्यावरून न थांबता पुढे जातो.

स्क्वेल्च रिकाम्या चॅनेलवर बसवायचा, बोलणं चालू असलेल्या चॅनेलवर नाही. नॉब पूर्ण उघडा, खरखर येऊ द्या, मग सावकाश आवळत न्या. खरखर थांबली की अगदी कणभर पुढे, आणि बस. काही संचांत नॉबऐवजी मेनूत पातळीचे आकडे असतात. तिथे खरखर थांबवणारा सर्वांत लहान आकडा घ्या. एएम आणि एफएममध्ये ही जागा सहसा एक नसते, तेव्हा दोन्हींवर तपासून जास्त लागेल ती ठेवा. घरात बसवलेला स्क्वेल्च गच्चीवर गेल्यावर पुन्हा बसवावा लागतो, कारण घरातला विजेचा गोंगाट तिथे नसतो.

त्यानंतर मोड आणि स्टेप. विमानांचं बोलणं 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये आणि एएमवर असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर एएममध्ये शिट्टीसारखा आवाज येतो आणि टक्कर झाल्याचं कळतं. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. जहाजांचा पट्टा (156 ते 162), हौशी (हॅम) रेडिओचे स्थानिक चॅनेल आणि बहुतेक वॉकीटॉकी नॅरो एफएमवर (अरुंद पट्ट्याच्या एफएमवर) असतात. मोड चुकला तर आवाज घोगरा, तुटका किंवा अगदी पुसट येतो आणि लोक अँटेनाला दोष देतात. स्टेप म्हणजे दोन शेजारच्या चॅनेलमधलं अंतर. विमानांचा पट्टा 25 किलोहर्ट्झच्या स्टेपने शोधला तर 760 थांबे होतात. युरोपात 8.33 किलोहर्ट्झची वाटणी आहे आणि तिथे चॅनेलचं नाव व खरी फ्रिक्वेन्सी जुळत नाहीत: 118.010 असं नाव असलेलं चॅनेल प्रत्यक्षात 118.00833 वर असतं. संचात ही स्टेप नसेल तर जवळचा आकडा टाका. एएममध्ये दोनेक किलोहर्ट्झचा फरक सहसा खपून जातो.

चॅनेल भरताना बँका (चॅनेलचे गट) विषयानुसार करा: पहिलीत विमानं, दुसरीत जहाजं, तिसरीत हौशी रेडिओ. एकावेळी एकच बँक चालू ठेवली तर काय ऐकतोय हे डोक्यात राहतं. प्रत्येक चॅनेलला नाव द्या, नाहीतर महिनाभराने पडद्यावरचा आकडा काही सांगत नाही. संगणकावरून भरणार असाल आणि संच ओळखला जात नसेल, तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. स्कॅन आणि सर्च यांत गल्लत करू नका: स्कॅन फक्त भरलेल्या चॅनेलवरून फिरतं, सर्च दोन आकड्यांमधलं सगळं चाळतं. डिले (बोलणं थांबल्यावर त्याच चॅनेलवर थांबण्याचा वेळ) दोन सेकंद ठेवा, म्हणजे प्रश्नानंतर येणारं उत्तर त्याच चॅनेलवर मिळतं. प्रायॉरिटी सुरुवातीला बंदच बरी. ती चालू असली की संच ठरावीक अंतराने प्रायॉरिटीच्या चॅनेलवर डोकावून येतो आणि चालू संभाषणात टकटक खंड पडतात.

अँटेनावर मात्र वेळ घालवा. डब्यातली आखूड रबरी अँटेना सगळ्या पट्ट्यांवर थोडी थोडी चालते, पण कुठेच नीट नाही. घडीची, ओढून लांब होणारी अँटेना घ्या आणि पट्ट्याप्रमाणे लांबी ठेवा. हिशोब सोपा आहे: 7125 ला मेगाहर्ट्झने भागा, पाव तरंगाची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. विमानांसाठी 127 धरलं तर 56 सेंटीमीटर, जहाजांसाठी 157 ला 45, हौशी रेडिओच्या 435 ला 16. म्हणजे अँटेना नेहमी पूर्ण ओढली की चांगलं, हे खरं नाही. ती उभीच धरा. या पट्ट्यांवरचं बहुतेक बोलणं उभ्या अँटेनावरून होतं. पाव तरंगाच्या अँटेनाला दुसरी बाजू लागते आणि हातातल्या संचात ती बाजू म्हणजे संचाचं अंग आणि तुमचा हात. तेवढ्याच लांबीची एक तार कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला घट्ट लावून खाली सोडून द्या. खर्च जवळजवळ शून्य आणि फरक लगेच कळतो. संचाला बारीक स्क्रूचा एसएमए कनेक्टर असेल तर लांब अँटेना थेट लावू नका, तिच्या ओढीने कनेक्टर सैल होतो. अँटेना वेगळी ठेवून मधे लवचिक केबलचा तुकडा घाला.

गच्चीवर अँटेना लावून केबल खाली आणणार असाल तर केबल काय खाते तेही बघा. आरजी-58 केबल 10 मीटरला 150 मेगाहर्ट्झवर साधारण 2 डेसिबल खाते, 450 वर साडेतीनच्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून जास्त ताकद. तरी उंची बहुतेक वेळा जिंकते. आणि विजांच्या दिवसांत वापर नसताना ती केबल संचातून काढून ठेवा.

उंचीचं महत्त्व आकड्यांत असं: सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये म्हणजे 4.12 गुणिले उंचीच्या मीटरचं वर्गमूळ, आणि दोन्ही टोकांची बेरीज. 10,000 मीटरवरचं विमान 412 किलोमीटरपर्यंत पोचतं. दीड मीटरवर धरलेल्या तुमच्या संचाचा वाटा जेमतेम 5. म्हणून वैमानिक स्वच्छ ऐकू येतो आणि त्याला उत्तर देणारा जमिनीवरचा मनोरा अजिबात नाही. एकच बाजू ऐकू येणं हा दोष नव्हे. जहाजांच्या काही चॅनेलवर तर किनारा वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर, जहाजापेक्षा 4.6 मेगाहर्ट्झने जास्त असलेल्या, बोलतो. दोन्ही ऐकायचं तर दोन्ही भरा. हौशी रिपीटरच्या (आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राच्या) बाबतीत त्याची आउटपुट फ्रिक्वेन्सी टाका, इनपुट नव्हे.

आता नको ते आवाज. स्कॅन एखाद्या चॅनेलवर रोज थांबतो आणि तिथे शांत गुंजन किंवा शिट्टी असते, तेव्हा अँटेना काढून बघा. आवाज तसाच राहिला तर तो संचाच्या आतला आहे. ते चॅनेल लॉकआउट करा, म्हणजे स्कॅनमधून वगळा. अँटेना काढल्यावर गेला तर बाहेरचा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉप एकेक बंद करून पाहा, आणि ऐकताना स्कॅनर चार्जरवर नको, सेलवर चालवा. विमानांच्या पट्ट्यात गाणी ऐकू येत असतील तर जवळचं एफएम केंद्र घुसतंय. ज्या संचांची मधली फ्रिक्वेन्सी (आलेला सिग्नल संच आतमध्ये जिच्यावर बदलून घेतो ती) 10.7 असते, त्यांत खरा सिग्नल 21.4 मेगाहर्ट्झ दूरही उमटतो: 100 वरचं केंद्र 121.4 वर. अँटेना आणि संच यांच्यामध्ये 88 ते 108 अडवणारा फिल्टर लावला की बराच निवळतो. शहरात अनेक ट्रान्समीटर एकत्र मिसळून खोटे सिग्नल तयार होतात, त्यांना ओळखायला अटेन्युएटर (येणारा सिग्नल क्षीण करणारी सोय) वापरा. तो लावल्यावर खरा सिग्नल थोडा क्षीण होतो, खोटा मात्र जवळजवळ नाहीसाच होतो.

आणखी एक आवाज तुम्हाला नक्की भेटेल: अखंड, खरबरीत घरघर, शब्द एकही नाही. तो बहुधा डिजिटल आहे. डीएमआर, पी25, टेट्रा अशा पद्धतींचं बोलणं साध्या अॅनालॉग स्कॅनरला उलगडत नाही. त्यासाठी त्या त्या पद्धतीचा डिजिटल स्कॅनर लागतो. संदेश एन्क्रिप्ट केलेला असेल तर कुठलाही स्कॅनर उपयोगाचा नाही, तिथे पैसे घालवू नका. घरघर एका क्षणासाठीही थांबत नसेल तर ते ट्रंकिंग व्यवस्थेचं (मोजके चॅनेल अनेक गटांना आपोआप वाटून देणाऱ्या व्यवस्थेचं) कंट्रोल चॅनेल असू शकतं, तेही लॉकआउट करा.

एवढं झालं की जुन्या यादीकडे परत या आणि एकावेळी दहाच चॅनेल भरा. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी ऐका. काही चॅनेल फक्त सकाळीच जागे असतात. लॉकआउट केलेल्यांची नोंद कागदावर ठेवा, कारण संच बंद करून चालू केला तरी ते बहुधा तसेच राहतात, आणि पुढे एखादी बँक अचानक गप्प झाली तर पहिल्यांदा तीच नोंद बघावी लागते.