विचारा की! : सगळ्यात गोड बोलणं कुणाचं?

मागच्या अंकात एका वाचकानं सहज विचारलं होतं की मराठीत सगळ्यात गोड बोलणं कुठल्या भागातलं, आणि मी आपलं गमतीत "ज्याला उसने पैसे हवेत त्याचं" असं लिहून मोकळी झाले. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापली तर अंकात दुसरं काही बसणार नाही, म्हणून सहाच घेतलीत.

ताई, मी तासगावची. दीड वर्ष झालं हिंजवडीला जॉबला आहे. आपल्याकडं बायकापण "मी आलो, मी जेवलो" असंच म्हणतात हे तुम्हाला माहितीच आहे. पहिल्याच आठवड्यात मी "दोन मिनिटात येतो" म्हटलं तर सगळे हसले, एकजण म्हणाला येतो की येते ते आधी ठरव. आणि दुसरा एक आहे तो रोज म्हणतो, किती क्यूट बोलतेस, परत बोल ना. खरं सांगू का, मला हसणाऱ्यापेक्षा या परत-बोल-ना वाल्याचाच जास्त राग येतो. लोकांना नक्की कुठला टोन आवडतो आणि मी माझा बदलू का?
— मी आलो, तासगाव

राग अगदी बरोबर माणसावर आहे बघ तुझा. हसणारा हसून विसरून जातो, पण हा दुसरा तुझं ऐकतच नसतो, तू सर्व्हर बंद पडलाय म्हणून सांगायला गेलीस तरी याचं लक्ष तुझ्या हेलाकडं, म्हणजे काम राहिलं बाजूला आणि तू झालीस करमणूक.

आता ते येतो-येते. त्या पहिल्याला एक विचार, पुण्यातल्या चार बायका मिळून कुठं पोचल्या की काय म्हणतात? "आम्ही आलो" म्हणतात. आलो! तिथं नाही कुणी विचारत की बायका का बाप्ये ते ठरवा. म्हणजे अनेकवचनात सगळ्या महाराष्ट्रातल्या बायका हेच बोलतात, आपण फक्त एकवचनातपण बोलतो, एवढाच आपला गुन्हा. आणि शेजारच्या कन्नडमधे "नानु बंदे" म्हटलं की मी आलो पण तेच आणि मी आले पण तेच, बाई असो नाहीतर बाप्या. जत-मिरजेकडं दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात, अक्का आणि अण्णा आपण तिकडूनच घेतले, तेव्हा हेही शेजारधर्मातलंच असावं असं मला आपलं वाटतं. मी स्वतः घरात आलो-गेलोच म्हणतो आणि हा कॉलम लिहायला बसले की आले-गेले लिहिते, सवय लागलीय हाताला.

सवय कशी लागली ते पण सांगते. कॉलेज संपल्यावर मी एका ठिकाणी निवेदिकेच्या आवाज चाचणीला गेले होते. कागद वाचला, बरा वाचला. समोरचे साहेब म्हणाले, "आवाज छान आहे हो, पण वाक्याच्या शेवटी तुम्ही वर जाता, तो गावाकडचा हेल तेवढा काढा." निवड काही झाली नाही. मग मी काय केलं, थोरल्या भावाचा टेपरेकॉर्डर घेतला आणि रोज पेपरमधला अग्रलेख मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचा, ऐकायचा, परत वाचायचा, असं तीन महिने. हेल गेला. एक दिवस आईला म्हणाले, "आई, मी जरा बाजारात जाऊन येते हं." आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली आणि म्हणाली, "कोण आलंय गं? रेडिओ लावलाईस व्हय?" तेव्हापासून माझ्याकडं दोन आहेत, एक बाहेरचं आणि एक घरचं, आणि चप्पल काढली की आपोआप बदलतं.

लोकांना काय आवडतं म्हणशील तर २०२३ साली एक मोठा अभ्यास छापून आलाय, त्यात जगातल्या २२८ भाषांमधलं बोलणं ८२० लोकांना ऐकवून विचारलं की कानाला कसं वाटतं. आपल्याला वाटेल फ्रेंच पहिली येणार आणि कुठलीतरी शेवटी, तर तसं काही झालंच नाही, भाषाभाषांत फरक अगदी किरकोळ निघाला. मार्क कधी वाढले, तर ऐकणाऱ्याला ती भाषा ओळखीची वाटली तेव्हा. ओळखीची असायलाच पाहिजे असंपण नाही, नुसती तशी वाटली तरी मार्क वाढले! तुझ्या ऑफिसातल्या लोकांच्या कानावर तासगाव अजून पडायचंय, दुसरं काही नाही. क्लायंटच्या कॉलवर तुला हवं तर येते म्हण, तो तुझ्या पोटापाण्याचा विषय आहे, पण जेवायच्या सुट्टीत खुशाल जेवलो म्हण. आणि परत-बोल-ना वाल्याला एकदाच सांग, "सर्व्हर बंद आहे, आता परत बोलायचं काम तुझं."

मॅडम, मुलगी बघायला जायचंय, मुलगी कोथरूडची आहे. माझ्या तोंडात लका, आयला, लई, हाय-न्हाई सगळं आहे. १५ दिवस आहेत हातात. काय करू?
— लग्नाळू, कोरेगाव

१५ दिवसात काहीही करू नका. आमच्या नात्यातला एक मुलगा असाच तयारी करून गेला होता, पोह्याची बशी हातात आणि मुलीला म्हणतो, "मी आपणांस काही विचारू इच्छितो." मुलगी हसली ते हसली, नंतर तिच्या आईनंच विचारलं, सूत्रसंचालन करता का म्हणून.

माणसं एकमेकांना आवडायला लागली की बोलणं आपोआप एकमेकांकडं सरकतं, वेग, चढउतार, शब्दसुद्धा. हॉवर्ड जाइल्स नावाच्या संशोधकानं १९७०च्या दशकात यावर अख्खा सिद्धांतच मांडलाय. त्यामुळं तुम्ही मुद्दाम कोथरूडला जायची गरज नाही, पटलं तर दोघं शिरवळपाशी भेटाल. "आयला" तेवढं सासऱ्यांसमोर आवरा. "लका" मित्रांसाठी असतं, मुलीला म्हणायचंच नसतं. बाकीचं राहू द्या, नाहीतर लग्नानंतर तिला वाटायचं की दाखवला एक आणि दिला दुसराच.

आपण तरुण पिढीला बिघडवत आहात. मी ३४ वर्षे मराठी शिकवली. शुद्ध मराठी एकच आहे आणि तीच कानाला गोड लागते. "पानी", "न्हाई", "व्हतं" यांना गोड म्हणणे हा निव्वळ लाडावलेपणा आहे.
— निवृत्त शिक्षक, सातारा

सर, नमस्कार. तुमच्यासारख्या एका बाईंनीच मला ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, त्यामुळं भीत भीतच लिहिते.

तुम्ही साताऱ्याचे म्हणून विचारते, छत्रपतींची गादी साताऱ्यात आणि शुद्ध मराठी पुण्याची, हे कसं झालं? तर गादी साताऱ्यात राहिली आणि कारभार पुण्याला गेला, आणि कारभाराच्या मागोमाग भाषेचा मानही गेला. पुढं इंग्रज आले, मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ला निघाला, पुण्यात बसून शाळेच्या पुस्तकांची मराठी तपासायला कोण तर मेजर कँडी. म्हणजे कुठलं मराठी छापायचं यावर शेवटचा हात एका साहेबाचा! कारभार साताऱ्यातच राहिला असता तर आज "न्हाई" पुस्तकात असतं आणि "नाही" म्हणणाऱ्या पोराला तुम्ही बाकावर उभं केलं असतं.

बरं, गोड लागतं ते सुरामुळं की मानामुळं, हे एकांनी तपासूनही पाहिलंय. १९७४ची गोष्ट. ग्रीसमधे अथेन्सची बोली प्रतिष्ठित मानतात आणि क्रीट बेटावरची गावंढळ. दोन्ही बोलींतलं रेकॉर्डिंग ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांना ऐकवलं, ज्यांना ग्रीकचा ओ की ठो येत नव्हता. त्यांना दोन्हींत डावं-उजवं काही करताच आलं नाही. अथेन्स कुठलं आणि क्रीट कुठलं हे माहितीच नाही म्हटल्यावर गोड कशाला म्हणणार?

आणि १९६२च्या लेखनाच्या नियमांचं म्हणाल तर ते लिहिण्याचे आहेत, बोलण्याचे नाहीत. बोलण्याचं काय आहे, तुम्ही स्वतः "चार" म्हणताना एक च काढता आणि "चारा" म्हणताना दुसरा, "चमचा"मधे तर दोन्ही एकाच शब्दात, आणि लिहिताना अक्षर एकच. हे तुम्हाला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, आईनं शिकवलं. ज्याच्या आईनं "पानी" शिकवलं त्यानं परीक्षेत "पाणी" लिहावं, तिथं मी तुमच्याच बाजूनं आहे. पण पाणी मागताना कसंही मागू दे की.

मुलगा सातवीत, इंग्लिश मीडियम. मोबाईल बघून बघून "वॉटर"ला "वॉडर" म्हणतो, आजोबांना कळत नाही. सासरे म्हणतात ब्रिटिश उच्चारच भारदस्त. कुठला शिकवावा?
— विश्रामबाग, सांगली

सासऱ्यांना म्हणावं ब्रिटिश म्हणजे नक्की कुठला? मामंजी ज्याला भारदस्त म्हणतात तो तिथल्या फार थोड्या लोकांचा. त्याच जाइल्सनी तिथल्या लोकांना वेगवेगळे उच्चार ऐकवले तर बीबीसी छापाच्या बोलण्याला हुशारीचे मार्क पडले आणि बर्मिंगहॅमचं तळाला गेलं. पण माणूस प्रेमळ वाटतो का, विश्वासाचा वाटतो का, असं विचारलं की गावाकडच्या उच्चारांना मार्क वाढायचे. आपल्यासारखंच की. बँकेत मॅनेजर पुणेरी बोलला की बरं वाटतं आणि रात्री गाडी बंद पडल्यावर "थांबा, बघतो की" असं कुणी म्हटलं की जिवात जीव येतो.

एकच धरा, समोरच्याला कळायला त्रास झाला नाही पाहिजे. शिकागोतल्या दोघा संशोधकांनी २०१०ला दाखवलं होतं की परका उच्चार ऐकायला कष्ट पडले तर तेच वाक्य लोकांना कमी खरं वाटतं. तेव्हा वॉडर की वॉटर हा वाद सोडा. तांब्या भरून आजोबांना दिला तर बास.

आमची मंडळी गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी. वडील ३० वर्षं कोइमतूरला, आता विट्याला परत आलेत. त्यांच्या मराठीला तमिळची अशी काही चाल लागलीय की गावातली पोरं नक्कल करतात, आणि तिकडं तमिळ बोलले की तिथले लोक म्हणायचे, हे मराठी तमिळ. ते हल्ली फार कमी बोलतात. काय करावं?
— गलाईवाल्याची लेक, विटा

तुझं पत्र वाचून मी जरा वेळ तसंच ठेवून दिलं होतं. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला भारतभर गेली, जिथं गेली तिथली भाषा शिकली, पाटी-पेन्सिल न घेता, गिऱ्हाइकाशी भाव करत करत. नक्कल करणाऱ्या पोरांना तमिळमधे दहापर्यंत आकडे म्हणून दाखवा म्हणावं.

वडलांना सल्ला नको, काम द्या. विट्यात गलाईच्या घरांतून केरळातून, आंध्रातून परत आलेले त्यांच्या वयाचे चारजण तरी सापडतील. त्यांना एकदा घरी चहाला बोलवा आणि तुम्ही आत जा. तमिळ-मराठीला मल्याळी-मराठी भेटली की कोण कुणाची नक्कल करणार? आणि तू त्यांच्याशी बोलतेस तेव्हा "काय जेवला" एवढंच विचारू नको, कोइमतूरच्या दुकानातलं काहीतरी विचार, भट्टी कशी लावायचे, पहिलं गिऱ्हाईक कोण आलं. माझा अनुभव आहे, कामाचं विचारलं की माणसं हेल विसरून बोलतात.

ताई, सगळ्यांना सांगता, तुम्हाला स्वतःला कुठला हेल आवडतो ते सांगा की.
— एक आगाऊ, पलूस

मालवणी ऐकायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही, नाकातून येतं आणि शिवीपण आमंत्रण वाटतं. वऱ्हाडी "काऊन"सुद्धा आवडतं. पण खरं विचारशील तर आमच्या गल्लीत सकाळी पावणेसातला एक भाजीवाली येते, जतकडची, घरात कन्नड बोलणारी. ती "मेथी" असं म्हणतच नाही, मे वर पाय रोवते, थी तीन घरं लांब ताणते आणि मग एकदम खाली सोडते, "घ्या की वोऽ अक्का". आमचे हे म्हणतात तिची मेथी महाग असते आणि निम्मी देठंच असतात. असतात, खोटं कशाला बोलू. रोज ठरवतो की आज घ्यायची नाही, आणि तो आवाज आला की पिशवी घेऊन खाली जातो. आत्ता फ्रीजमधे तीन जुड्या आहेत.