बारीकसारीक चुका काही लोकांना इतक्या का खटकतात?

प्रश्न विचारणाऱ्या दादांनी लिहिलंय की, भिंतीवरचा स्विचबोर्ड जरा तिरका बसला, फरशीच्या रेषा जुळल्या नाहीत, पंख्याचं बटण दिव्याच्या जागी आलं, की त्यांच्या बायकोची चिडचिड होते. हा काही मानसिक आजार आहे का आणि तिला दुर्लक्ष करायला कसं शिकवावं, असं त्यांना विचारायचंय.

आजार नाही. आणि तिला काही शिकवू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मी सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. लग्नाआधीपासून हेच काम करते. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची, हात फिरवत पुढं जायचं, किनार सरळ आहे का, फुलाचा मध्य मध्यावर आलाय का, धागा कुठं सुटलाय का ते बघायचं, मग उलटी करून पुन्हा बघायचं. आमची चादर दोन्ही बाजूंनी वापरतात, त्यामुळं मागची बाजू म्हणून सोडून देता येत नाही. जॅकार्डच्या, म्हणजे फुलं-नक्षी विणायच्या मागावर प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड असतं आणि कार्डातल्या भोकांवरून कुठले उभे धागे उचलायचे ते ठरतं. एक भोक चुकलं किंवा एखादा हुक अडकला, की ती चूक एका चादरीवर थांबत नाही. त्याच जागी, त्याच फुलाच्या त्याच पाकळीत, पुढच्या प्रत्येक चादरीत उतरत जाते. आता बऱ्याच ठिकाणी कार्डं जाऊन कॉम्प्युटर आला, पण चूक अजून तशीच उतरते. म्हणून दिसली की तिथल्या तिथं जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारायची आणि माग थांबवायचा. मी थांबवलेत. त्यावरून बोलणीही खाल्लीत, पण ज्यानं बोलणी दिली त्यानंच पुढं नवीन मुलींना माझ्या टेबलापाशी शिकायला उभं केलं.

तर ज्याला तुम्ही खटकणं म्हणता, त्याचा आमच्याकडं पगार मिळतो. घरी मात्र त्याच नजरेला किरकिर म्हणतात.

आमचं जुनं घर पाडून नवीन बांधलं तेव्हा आमचे हे पुण्याला कामाला होते आणि देखरेख सगळी धाकट्या दिरांकडं होती. भावजी कष्टाळू आहेत, उन्हातान्हात उभं राहून त्यांनी घर उभं केलं, ते मी कधी नाकारत नाही. पण फरशीच्या वेळी त्यांनी हॉलसाठी आणलेल्या दोन बाय दोनच्या मोठ्या टाइलचे काही बॉक्स उरले. ते वाया कशाला घालवायचे म्हणून बाथरूमच्या जमिनीला तीच टाइल. शिवाय हॉलच्या फरशीची रेषा बाथरूमच्या उंबऱ्यापलीकडं सरळ पुढं गेली पाहिजे, हा त्यांचा आणि मिस्त्रीचा हट्ट. ती गेली. दोरी लावून बघितली तर केसभर चुकत नव्हती.

फक्त पाणी जाळीकडं जात नव्हतं.

प्लंबरनं जाळी जवळजवळ मधोमध बसवली होती. मध्ये जाळी असली की चारही बाजूंनी उतार तिच्याकडं यावा लागतो, आणि दोन फुटांची अख्खी टाइल काही मधून वाकत नाही. एक तर ती जाळीच्या दिशेनं तिरपी कापावी लागते, नाहीतर लहान टाइल घ्यावी लागते. कापली तर रेषा मोडते, म्हणून कापली नाही. परिणाम असा झाला की दारामागचा कोपरा जाळीपेक्षा खाली गेला. मी पहिल्याच दिवशी त्या कोपऱ्यात मुलाची गोटी ठेवली आणि भावजींना बोलावून दाखवली. गोटी जागची हलली नाही. जाळीपाशी ठेवली, तर घरंगळत कोपऱ्यात गेली.

"काय ओ वहिनी, येवढ्यावरनं! वायपर मारला की झालं की."

वायपर कुणी मारायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. आमच्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप, बादल्या, टाकी, सगळं भरून घ्यायचं आणि साठलेली धुणी त्याच दिवशी काढायची. त्या दिवशी बाथरूम कोरडं असतच नाही. एरवी बोअरचं पाणी, आणि ते जड. कोपऱ्यात साचलेलं पाणी वाळलं की पांढरा थर उरतो, त्यावर साबणाचा बुळबुळीतपणा चढतो, आणि दाराची चौकट खालून फुगते. आमची फुगली. ॲसिड टाकून थर काढला की टाइलची चमक जाते. आमची गेली.

मग एके दिवशी सासूबाई त्या कोपऱ्यात घसरल्या. पिंपाचा काठ हाताला लागला म्हणून मुका मार बसला, हाड मोडलं नाही. आणि घरात सगळे काय म्हणाले? "आता वय झालंय, जपून चालायला पाहिजे." कोपऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. याचाच मला खरा राग आहे, आणि तुमचा प्रश्न वाचून तोच वर आला. वस्तू चुकीची बनते आणि ठपका बसतो वापरणाऱ्यावर. जिन्यावर अडखळलं तर लक्ष नव्हतं. बटण चुकलं तर इतक्या वर्षांत साधं बटण कळत नाही. बायको बोलली तर तिला आजार.

जिन्याचंच बघा. पायऱ्या आरसीसीच्या कामात ओततात, फरशी नंतर बसते. खालच्या मजल्यावर मसाला आणि टाइलचा थर चढला की पहिली पायरी आखूड होते, वरच्या मजल्यावर चढला की शेवटची उंच होते. मधल्या पायऱ्यांवर पायाला एक उंची कळलेली असते, तो तेवढाच उचलला जातो आणि शेवटच्या कडेला अंगठा आपटतो. फरशीची जाडी आधी धरून पायऱ्या ओतल्या तर यातलं काही होत नाही. स्विचबोर्डचंही तसंच. छतावर दिवे ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं खाली बटणं द्यायला जास्तीचा पैसा लागत नाही, पण वायर जशी हाताला आली तशी जोडली जाते. मग पाहुणा आला की सगळी बटणं एकेक करून दाबतो. औषधाची पट्टी घ्या, तारीख एका टोकाला छापलेली, आणि दुकानदार नेमकं तेच टोक कापून स्वतःकडं ठेवतो किंवा तुम्हाला देतो आणि राहिलेली पट्टी बिनतारखेची. हे बनवणाऱ्यांना दिसत नाही, कारण ती वस्तू रोज त्यांच्या हातात नसते. ज्याच्या हातात असते त्याला दिसतं. तुमच्या बायकोला दिसतंय.

बरं, रेषा जुळल्या नाहीत तर मलाही खटकतं. चेकिंगवालीला कसं नाही खटकणार? पण फरशीची रेषा नुसती डोळ्याला लागते, उतार पायाला लागतो. दोन्ही एकदम जमत नसतील तर रेषा सोडायची, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. भावजींचं म्हणणं असं की दार उघडल्यावर माणसाला पहिल्यांदा रेषाच दिसते. दिसते ना, पाहुण्याला. तो दहा मिनिटं बसतो, चहा पितो आणि जातो.

शेवटी दिवाळीच्या बोनसमधून मी ती जमीन फोडून घेतली. एक फुटाच्या, खरबरीत टाइल आणल्या. पाच फुटांच्या बाथरूमला पाऊण ते एक इंच उतार पुरतो, त्यासाठी काही डोंगर रचावा लागत नाही. जुनाच मिस्त्री आला होता. मसाला पसरून टाइल नुसत्या मांडून झाल्यावर मी म्हटलं, आधी लेव्हल पाइप, म्हणजे उंची ताडायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून चारही कोपरे जाळीशी ताडून दाखवा, मग चिकटवा. तो म्हणाला, "ताई, येवढं कुणी बघत नाही ओ." पण त्यानं दाखवलं, आणि एक कोपरा पुन्हा उचलावा लागला. सासूबाई आता पिंपाला न धरता आत-बाहेर करतात. हॉलची रेषा उंबऱ्याशी तुटलीय, आणि भावजी आले की अजून तिथं थांबून बघतात. बघू देत.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मोठी टाइल वाईट असं माझं म्हणणं नाही. जाळी एका भिंतीला लागून घेतली आणि सगळी जमीन एकाच दिशेनं उतरती केली तर दोन फुटी टाइलही चालते. ते प्लंबरला आधी सांगावं लागतं, टाइल आल्यावर उपयोग नाही. आणि दुसरं, तुमच्या बायकोचं खटकणं वस्तू नीट झाल्यावर थांबतं का ते बघा. बोर्ड सरळ बसला आणि ती शांतपणे आपल्या कामाला लागली, तर प्रश्न बोर्डाचाच होता. सगळं नीट असूनही पुन्हा पुन्हा तपासत राहत असेल, त्यापायी झोप किंवा कामं अडत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही मला दिसलं नाही.

भावजी वरच्या मजल्यावर आता स्वतःसाठी बांधकाम काढतायत, आणि ते इथली उत्तरं वाचतात हे मला ठाऊक आहे. भावजी, टाइल कुठलीही आणा, माझं काही म्हणणं नाही. पण जाळीची जागा प्लंबर ठरवायच्या आधी जाऊबाईंना विचारा, आणि टाइल चिकटवायच्या आधी मला खाली एक हाक मारा. लेव्हल पाइप मी घेऊन येते.