विमानतळ झाल्याने जिल्ह्याचा खरंच फायदा होतो का?

तुमच्या जिल्ह्यात विमानतळ होऊ घातलाय आणि त्याने स्थानिक धंद्याला किती हातभार लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी वेंगुर्ल्याजवळ घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, म्हणून आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचंच सांगतो.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी सुरू झाला तेव्हा आमचेही पाय जमिनीवर नव्हते. मी लगेच एका खोलीला एसी बसवला. हिशेब मांडला तो नंतर! मुंबईहून येणारं एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, साधारण ७० आसनांचं. रोज एक फेरी आणि प्रत्येक वेळी भरलेलं धरलं, तरी वर्षाला येणार २५ हजारांच्या आसपास माणसं. त्यात चाकरमानीही आले, ते राहणार आपल्या घरी. गणपतीत कोकण रेल्वेची एक गाडी जेवढी माणसं आणून ओतते, तेवढी आणायला या विमानाला दोन आठवडे तरी लागतील.

हापूस विमानाने थेट परदेशी जाणार, हेही खूप ऐकलं. पण अमेरिकेला आंबा पाठवायचा तर आधी विकिरण प्रक्रिया (कीड मारण्यासाठी किरणांचा मारा) लागते, ती सोय वाशीला. आणि एटीआरच्या पोटात पेट्या मावणार किती? आमचा आंबा ट्रकनेच जातो. जमिनीचे भाव तेवढे धावपट्टीच्या आधीच चढले. ज्याने गुंठे विकले त्याचं घर झालं, पण तो पैसा एकदाच येतो.

त्यात छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या केंद्राच्या उडान योजनेचं अनुदान तीन वर्षांचं. ते २०२४ मध्ये संपलं आणि मुंबईचं विमान बंद पडलं.

दरम्यान जानेवारी २०२३ पासून शेजारच्या गोव्यातल्या मोपाहून उड्डाणं सुरू झाली होती. पेडण्यातला हा विमानतळ आमच्या जिल्ह्याच्या हद्दीवरच्या बांद्यापासून जवळच, आणि त्याची क्षमता पहिल्याच टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. दिवसभर वेगवेगळ्या शहरांतून विमानं येतात, त्यामुळे एक चुकलं तर दुसरं मिळतं. पाहुण्याला तेच हवं असतं. राज्याची हद्द त्याच्या खिजगणतीत नसते.

म्हणून तुमच्याकडच्या पुढाऱ्यांना धावपट्टीची लांबी विचारू नका. रोज कुठून किती विमानं येणार आणि अनुदान संपल्यावर ती कशावर चालणार, ते विचारा. शेजारी मोठा विमानतळ असेल तर तिथून तुमच्या गावापर्यंत चांगला रस्ता आणि एसटी मागणं कदाचित जास्त फायद्याचं ठरेल.

माझी एसीची खोली आता बऱ्यापैकी भरते. येणारे बहुतेक मोपाला उतरून, गोव्याच्या टॅक्सीने येतात. टॅक्सीचं भाडं गोव्यात जातं, सुरमईच्या ताटाचे पैसे आमच्याकडे राहतात.