पाठ आधी मोजा, लिटर मग विचारा

दिवाळीचा फराळ संपत आला की इंदूरच्या मराठी घरांमधून दोन प्रकारची माणसं पाठीवर बॅग टाकायच्या तयारीला लागतात, एक डिसेंबरच्या बर्फात उत्तराखंडला जाणारी पोरं आणि दुसरे देवउठनी एकादशीनंतर नर्मदा परिक्रमा उचलणारे काका-काकू. यंदा दोघांचेही प्रश्न एकदम आलेत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे, बॅग कोणती घ्यावी आणि ती पाठीवर नीट कशी बसवावी. जमतील तेवढ्यांना उत्तरं देतेय.

प्रश्न : मी 24 वर्षांची, विजयनगरला राहते, उंची 5 फूट 2 इंच, वजन 55. डिसेंबरमध्ये केदारकंठाला चाललेय. ग्रुपमधले सगळे 70 लिटरची बॅग घेतायत. मी 50 घेऊ की 70?

70 अजिबात नको. केदारकंठाचं शिखर 3810 मीटर उंच आहे, ट्रेक सांकरी गावाहून सुरू होतो, आणि ग्रुपबरोबर जाताय म्हणजे तंबू, भांडी, शिधा तुमच्या पाठीवर नाही. तुमचे गरम कपडे, फारतर स्लीपिंग बॅग, पाणी, औषधं, खाऊ. हे 50 मध्ये आरामात बसतं. मोठी बॅग घेतली की माणूस ती भरतोच, रिकामी जागा बघवत नाही आपल्याला, मग चौथा स्वेटर आणि शेवेचं दुसरं पाकीट आत जातं.

पण लिटरपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही, ती म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. उंची नव्हे हं, पाठ. 5 फूट 2 च्या दोन मुलींच्या पाठीत दोन इंचांचा फरक असू शकतो. मान पुढे झुकवा, मानेच्या खाली जे हाड टोचून वर येतं तिथे आईला शिंप्याचा टेप धरायला सांगा. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे मणक्याला छेदते तिथपर्यंतचं माप घ्या. ते 16 ते 18 इंच आलं तर बऱ्याच कंपन्यांचा स्मॉल लागतो, त्याहून जास्त असेल तर मीडियम, पण त्या कंपनीचा मापाचा तक्ता बघूनच घ्या. बॅगेची पाठ वरखाली सरकवता येते अशा बॅगा पण मिळतात, त्यात सोय होते. बायकांसाठी वेगळ्या बनवलेल्या बॅगा असतात त्याही घालून बघा, तो नुसता रंगाचा फरक नसतो, खांद्याचे पट्टे जवळ-जवळ आणि छातीपाशी वळणदार असतात, कमरेचा पट्टा आपल्या कमरेच्या उतारावर नीट बसतो.

दुकानात टांगलेल्या बॅगेत कागदाचे बोळे भरलेले असतात, ती पाठीवर घेतली की सगळ्याच छान वाटतात. त्यात 8-10 किलो टाकायला सांगा आणि वीस मिनिटं दुकानात फिरा, जिना असेल तर चढा-उतरा, लाजू नका. घालताना सगळे पट्टे आधी सैल करायचे. पहिला कमरेचा पट्टा लावायचा, कमरेच्या हाडाची कड पट्ट्याच्या बरोबर मध्ये यायला हवी. मग खांद्याचे पट्टे ओढायचे, पण टेकतील इतपतच. मग खांद्याच्या वरून बॅगेच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या, त्या साधारण 45 अंशात तिरक्या दिसल्या पाहिजेत. छातीची पट्टी सगळ्यात शेवटी. एवढं नीट झालं की बहुतेक ओझं कमरेवर जातं, खांदे फक्त बॅग मागे पडू देत नाहीत. आणि भरलेली बॅग तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नको, म्हणजे तुमच्यासाठी 11 किलो, त्यात पाणीसुद्धा आलं.

प्रश्न : मागच्या महिन्यात दोन दिवसांचा ट्रेक केला. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची बोटं बधिर झाली, मुंग्या येत होत्या. घरी आल्यावर गेलं. परत जावं का? (राजेंद्रनगरहून एक दादा, वय 35)

दादा, हे मी स्वतः भोगलंय म्हणून कळकळीने लिहिते. एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा हिमालयात गेले तेव्हा मामेभावाची बॅग उसनी नेली होती, माझ्या पाठीला ती चार बोटं लांब, कमरेचा पट्टा मांड्यांवर यायचा म्हणून मी तो लावायचेच नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात धरवेना. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा खांद्याच्या पट्ट्याखाली दाबला जातो, डॉक्टर लोक याला रकसॅक पाल्सी म्हणतात, आणि सैन्यात जड ओझी वाहणाऱ्या जवानांमध्ये हे जुनं ओळखीचं दुखणं आहे. मुंग्या थोड्या वेळात गेल्या तर पट्टे सुधारा, ओझं कमी करा आणि जा. पण हात वर उचलायला ताकद कमी पडत असेल, पकड ढिली वाटत असेल, किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकला तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग ट्रेक. चालताना मुंग्या सुरू झाल्या की "पुढच्या वळणावर बसू" असं करू नका, तिथेच बॅग उतरवा.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो नेपाळचे पोर्टर कपाळावर एक पट्टा लावून स्वतःच्या वजनाएवढं ओझं नेतात, आणि तुम्ही कमरेचा पट्टा, छातीचा पट्टा करत बसता, हे सगळे नखरे आहेत. खरं आहे का? (लोकमान्यनगर, कॉलेजचा विद्यार्थी)

पहिला अर्धा भाग खरा आहे. एव्हरेस्टच्या भागातल्या नामचे बाजार गावाकडे जाणाऱ्या वाटेवर पोर्टर लोकांची ओझी प्रत्यक्ष मोजली गेली आणि 2005 मध्ये ते आकडे छापून आले. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के आणि बायका 66 टक्के ओझं नेत होत्या. टोपलीला डोको म्हणतात, कपाळावरच्या पट्ट्याला नाम्लो, आणि हातात एक आखूड काठी असते, टोकमा, उभ्या-उभ्या तिच्यावर ओझं टेकवून दम घ्यायचा. ते फार हळू चालतात आणि सारखे थांबतात, हे तुझ्या मित्राने नाही सांगितलं. आपल्याकडे डोक्यावर चुंबळ ठेवून दोन-दोन हंडे नेणाऱ्या बायका बघतोस ना, त्यांची मान लहानपणापासून तयार झालेली असते. तू उद्या 20 किलो कपाळावर घेशील तर मान धरून बसशील.

आणि कमरेचा पट्टा हा नखरा नाही रे. 1952 च्या सुमारास कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाच्या माणसाने घरच्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या बॅगा बनवायला घेतल्या, आणि खांद्यावरचं ओझं कमरेवर उतरवणारा पट्टा लोकांच्या अंगवळणी पाडण्यात त्याचा मोठा हात आहे. पुढे 1967 मध्ये ग्रेग लोव याने फ्रेम बॅगेच्या आत घातली, आज आपण वापरतो ती बॅग तिथून आली. मांडीचे आणि कमरेचे स्नायू शरीरातले सगळ्यात दांडगे, मग ओझं त्यांनाच द्यायचं.

एक मात्र तुला आणि मित्राला दोघांना सांगते. ट्रेकवर बॅग पोर्टरच्या किंवा खेचराच्या पाठीवर देणार असाल तर ती आधी स्वतः उचलून बघा. त्याच्याकडे बर्फात चालायचे बूट आहेत का, गरम कोट आहे का, हे नेणाऱ्या कंपनीला विचारा. तो हौसेने उचलत नाहीये, पोटासाठी उचलतोय.

प्रश्न : वय 64, बँकेतून रिटायर झालो, या वर्षी ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलणार आहे. मुलाने 60 लिटरची ट्रेकिंगची बॅग आणून दिली. सौ. म्हणते झोळीच बरी. काय करू?

काका, काकू अर्ध्या बरोबर आहेत. एका खांद्यावरची झोळी महिनोन्महिने नेलीत तर पाठ एका बाजूला कलते, त्यामुळे बॅग हवी, पण 60 लिटरची नको. 30, फारतर 35.

नर्मदा 1312 किलोमीटर लांब, आणि तुम्ही दोन्ही तीर चालणार, म्हणजे दुप्पट आणि वर वळणं. हिमालयातल्या चार-पाच दिवसांच्या ट्रेकला 12 किलो निभतं कारण ते चार-पाच दिवस असतात. तुम्ही रोज उचलणार आहात, म्हणून तुमच्यासाठी मी दहावा हिस्सा धरते. वजन 65 असेल तर साडेसहा किलोच्या वर काही नाही. आणि हे जमतं, कारण वाटेत आश्रमांमध्ये आसन म्हणजे मुक्कामाला जागा मिळते, सदाव्रत म्हणजे शिधा मिळतो, गावातली माणसं हाक मारून जेवायला बसवतात. शिधा आणि भांडीकुंडी घेऊन हिंडायचं नाहीये तुम्हाला.

कपड्यांचे दोन जोड, एक अंगावर एक बॅगेत. थंडीसाठी हलकी स्लीपिंग बॅग किंवा घरची शाल आणि चादर, खाली घालायला पातळ मॅट. पूजेचं सामान आणि मैयाच्या जलाची कुपी. टॉर्च, औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, सुईदोरा, एक ताटली-वाटी, पाण्याची बाटली एकच, लिटरभर, कारण एक लिटर म्हणजे सरळ एक किलो. कुपी वेगळ्या खिशात उभी ठेवा, कपड्यांबरोबर नको. जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, झोपायचं सगळं तळाशी, रोज लागणारं वर.

पावसाचं कव्हर असलं तरी आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावा, सियागंजात ठोकवाल्यांकडे विचारा. कव्हर बॅगेला बाहेरून झाकतं, पण तुमच्या पाठीवरून ओघळणारं पाणी आत जातंच. चातुर्मासात तुम्ही एका जागी थांबाल, पण मावठ्याचा पाऊस काही सांगून येत नाही.

निघायच्या आधी पंधरा दिवस भरलेली बॅग घेऊन रोज तासभर चाला, एका रविवारी पातालपाणीला जाऊन दगडगोट्यांतून चाला. भाजीवाल्याच्या काट्यावर बॅग ठेवून बघा. मग काय काढायचं ते मला विचारावं लागणार नाही. मुलाला वाईट वाटू देऊ नका, 60 ची बॅग त्यालाच ट्रेकला कामी येईल.

प्रश्न : सहा वर्षांची बॅग, कापड धड आहे पण चेन लावली की मागून उघडते. नवी घ्यावी का? (सुदामानगर)

नाही हो ताई, नवी कशाला! दहातल्या आठ वेळा चेन खराब नसते, रनर झिजलेला असतो. आधी जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून चेनमधली माती काढा, वाळू द्या, मेणबत्ती घासा. तरी उघडली तर पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, एक बाजू मग दुसरी, जोर केलात तर तुटेल. त्यानेही नाही झालं तर चेनवाल्याकडे रनर बदलून घ्या. रनरच्या मागे 5, 8 किंवा 10 असा आकडा असतो, तो सांगा म्हणजे त्याच मापाचा बसेल. पट्टा उसवला असेल तर मोच्याकडे द्या, त्याच्या आरीची शिवण दणकट असते, पण नायलॉनचाच दोरा वापरायला सांगा. सुती दोरा पावसात कुजतो आणि नेमका डोंगरात सुटतो.

प्रश्न : माळ्यावर ठेवलेली बॅग काढली तर आतून चिकट झालीये आणि घाण वास येतोय. धुऊन जाईल का?

आतला पातळ थर आहे ना, पाणी अडवणारा, तो पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेने, उष्णतेने तो हळूहळू विरघळायला लागतो. बहुतेक तुम्ही ती पॉलिथिनमध्ये बांधून ठेवली असणार, पावसाळाभर ओल आतच राहिली. थर परत येत नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण आणि खायचा सोडा घालून आतून ब्रशने घासून काढा, एका धुण्यात नाही निघणार, दोन-तीनदा करा. मशीनमध्ये नको, बक्कल आणि फोम दोन्ही जातात. सावलीत उलटी टांगा, उन्हात नायलॉन कमजोर होतं. नंतर बॅग वापरता येईल, फक्त पाणी अडणार नाही, ते काम आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला द्या. यापुढे कपाटात मोकळी, चेन उघड्या ठेवून.

प्रश्न : इंदूरहून विमानाने जातोय, बॅगेत काय चालत नाही?

स्वयंपाकाचा गॅसचा डबा कुठेच चालत नाही, ना केबिनमध्ये ना लगेजमध्ये, तिकडे पोचून घ्या. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, काठ्या लगेजमध्ये. लोंबणारे पट्टे सगळे आत खोचून बॅग जुन्या चादरीत शिवून टाका, सामानाच्या पट्ट्यात अडकून बक्कल तुटतं.

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा, वजन 32 किलो, जानापावच्या डोंगरावर आमच्याबरोबर येतोय. त्याला मोठ्यांसारखी बॅग हवीये.

द्या, पण लहान, छातीची पट्टी असलेली, पाठीच्या बाहेर न लोंबणारी. शाळेच्या दप्तरासाठी 2020 च्या सरकारी धोरणात मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे, तीच इथे धरा, म्हणजे तीन किलो. त्यात त्याचं स्वतःचं पाणी, जॅकेट, खाऊ आणि गळ्यात शिट्टी. बॅग त्यालाच भरू द्या, तुम्ही फक्त वजन करा. दमला तर पाण्याची बाटली तुमच्याकडे घ्या, बॅग त्याच्याच पाठीवर राहू द्या.