भावाला चोरीच्या खटल्यात सामुदायिक सेवा होईल म्हणतात. त्यापेक्षा दंड भरून मोकळं होता येणार नाही का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: धाकटा भाऊ सावंतवाडीहून कामासाठी गोव्यात आला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रस्त्यावरच्या एका विक्रेत्याचा ब्लूटूथ स्पीकर उचलताना पकडला गेला. किंमत २२०० रुपये. स्पीकर तिथल्या तिथे परत मिळाला. याआधी त्याच्यावर एकही केस नाही. वकील म्हणतात कम्युनिटी सर्व्हिस, म्हणजे शिक्षा म्हणून समाजासाठी बिनमोबदल्याचं काम, होईल आणि तुम्हाला वाटतं, चार लोकांदेखत झाडू मारण्यापेक्षा दंड भरलेला बरा.

मी उत्तर गोव्यातल्या कोर्टांत एकोणीस वर्षं वकिली करतो. त्यातली बरीचशी कामं मोफत कायदा सहाय्यातून आलेली, म्हणजे तुमच्या भावासारख्यांचीच.

दोषी ठरला तर दंडाचा पर्याय त्याच्यासाठी उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) सांगतं की चोरीचा माल ५००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेचीच. म्हणून आज एक काम करा. पंचनाम्यात किंमत काय लिहिलीय आणि कलम कुठलं लावलंय ते वकिलाकडून बघून घ्या. किंमत ५००० किंवा त्याहून जास्त लिहिली गेली असेल तर ही सवलत गेली. आणि हाच स्पीकर दुकानाच्या आतून उचलला असता तर कलम ३०५ लागलं असतं, तिथे सात वर्षांपर्यंत कैद आहे. उघड्यावरचा माल होता हे कागदावर स्पष्ट असायला हवं. ५००० च्या आतली चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तो आदेश घेतला होता का, हेही विचारा.

पण त्याच्याही आधीची वाट म्हणजे तडजोड. साध्या चोरीचा गुन्हा मालाच्या मालकाला मिटवता येतो, आणि तसा मिटला तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. सामुदायिक सेवेचं तसं नाही. ती दोषी ठरल्यावरची शिक्षा आहे आणि पुढे पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला काढताना ती आड येऊ शकते. घाईने गुन्हा कबूल करून टाकू नका. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली समज देऊन सोडावं असाही अर्ज करता येतो, तोही वकिलाशी बोला.

आता झाडूबद्दल. तुमची भीती मला कळते, पण झाडूच मारावा लागेल असं कायद्यात कुठेही नाही. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये एवढंच म्हटलंय की समाजाला उपयोगी पडेल असं, बिनमोबदल्याचं, कोर्टाने सांगितलेलं काम. किती तास, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, यावर एक अक्षर नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. पण त्यामुळेच वकिलाला बोलायला जागाही मिळते. भावाला काय येतं, सुट्टी कोणत्या वारी असते, हे लिहून वकिलाने स्वतःच काम सुचवावं. न केल्यास साधी कैद होऊ शकते, म्हणून नोकरी सांभाळून जमेल असंच सुचवा.

अल्पवयीन मुलांच्या कायद्यात ही सेवा आधीपासून आहे. तिथले नियम उद्यान राखणं, वृद्धांची सेवा, इस्पितळात मदत, दिव्यांग मुलांची सेवा अशी उदाहरणंही देतात. माझा एक सतरा वर्षांचा अशील, स्कूटरने एका म्हाताऱ्याला धडक दिलेली. त्याला एका सरकारी इस्पितळात रविवारी व्हीलचेअर ढकलायला पाठवलं. तिसऱ्या रविवारी मी बघायला गेलो. उतारावर तो खुर्ची उलटी करून, स्वतः मागे मागे चालत खाली उतरवत होता. "सरळ नेली तर पेशंट पुढे घसरतो," म्हणाला, "पहिल्या दिवशी एक आजी घसरलीच होती." बोलताना त्याचा एक हात ब्रेकवरच होता. आदेश सहा रविवारांचा होता. तो नंतरही चार-पाच वेळा गेला असं तिथल्या नर्सबाईंनी मला सांगितलं.

दुसऱ्या एका मुलाला एका कार्यालयात पाठवलं होतं. तिथे त्याने आठ दिवस साहेबांसाठी चहा आणला आणि रजिस्टरवर सह्या केल्या. मला आजही त्याचा राग येतो. पुण्यात मे २०२४ मध्ये दोघांचा जीव गेलेल्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा लोक खवळले ते योग्यच होतं. ही शिक्षा किरकोळ गुन्ह्यांसाठी आहे, आणि केलेल्या कृत्याशी तिचं नातं हवं.

आणि दंडाने माणूस मोकळा होतो, हे मला पटत नाही. बांधकामावरच्या एका कामगाराचा मारामारीतला १५०० रुपयांचा दंड त्याच्या ठेकेदाराने भरला आणि तीन महिने दर आठवड्याला मजुरीतून कापत राहिला. फिटेपर्यंत त्याला काम सोडता येईना. उलट किनाऱ्यावर बाटल्या फोडणारे बघा. गोव्याच्या पर्यटनस्थळ कायद्यात २०१९ मध्ये उघड्यावर दारू पिण्याला एकट्याला २००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठेवला, पुढे तो वाढवलाही. सहलीच्या खर्चात तो जातो, काच वाळूत राहते आणि पहाटे अनवाणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांच्या पायात घुसते. मला विचाराल तर त्यांना दोन सकाळी टोपली घेऊन काच वेचायला लावायला हवी. सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत गोंधळ घालणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली कोर्ट तसं काम देऊ शकतं. १००० रुपयांपर्यंत दंड किंवा २४ तास कैद हे त्यातले दुसरे पर्याय.

तुमच्यासाठी मात्र आधी तो विक्रेता. जामिनाच्या अटीत फिर्यादीला भेटायला मनाई असू शकते, म्हणून आधी वकिलाला विचारा, तो हो म्हणाला तरच त्याच्यासोबत येत्या शुक्रवारी बाजारात जा. भावाला बरोबर न्या आणि बोलू द्या त्यालाच. विक्रेत्याला सकाळी लवकर गाठा, अकरानंतर गिऱ्हाईक वाढलं की त्याला तुमच्याशी बोलायला सवड नसेल.