एथिक्सचं पत्र अडकलंय आणि भातलावणी सुरू झालीय: थिसिसवाल्या रेसिडेंटला उत्तर

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तुमचे सर म्हणतात तसं, एथिक्स कमिटीचं पत्र येण्याआधीच 'पेशंट घ्यायला लाग, तारखेचं नंतर बघू' हे करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमची गोष्ट मला समजली ती अशी: मेडिसिनचं पहिलं वर्ष, कोकणातलं कॉलेज, विषय सर्पदंश, घोणस-फुरश्याच्या पेशंटमध्ये एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दोन डोसांची तुलना. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, विद्यापीठात गेलाय, माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीने 'किरकोळ दुरुस्त्यांच्या अटीवर मान्य' असं पत्र दिलंय, दुरुस्त्या करून दिल्या तरी अंतिम पत्र येत नाही. ऑफिस म्हणतं पुढच्या मीटिंगला ठेवू. आणि कॅज्युअल्टीत रोज भातखाचरातून उचलून आणलेली माणसं येताहेत. शिवाय एमडीनंतर अमेरिकेत क्लिनिकल अँड ट्रान्सलेशनल रिसर्चमध्ये (शोध पेशंटच्या उपचारापर्यंत नेण्याचं शास्त्र) एमएस करावं का, असंही विचारलंयत. त्याचं उत्तर शेवटी देतो.

माझा विषय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा होता. तोही पावसाळ्याचाच. त्यामुळे तुमची पोस्ट वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटली.

बाहेरच्यांना कळत नाही असं एक गणित आधी सांगतो. एमडीच्या तीन वर्षांत पावसाळे तीन दिसतात, पण परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस सबमिट करायचा असतो, म्हणून तिसरा पावसाळा उपयोगाचा नसतो. उरले दोन. त्यातला पहिला सिनॉप्सिस, एथिक्स आणि सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत नाव घालण्यात जातो. मधुमेहावर थिसिस करणाऱ्याला पत्र तीन महिने उशिरा मिळालं तर त्याचे तीन महिने जातात. तुमचं-माझं अख्खं वर्ष जातं. हे गाइडनाही पुष्कळदा लक्षात येत नाही, आणि एथिक्सच्या ऑफिसला तर येतच नाही.

आता माझ्या वेळी काय झालं ते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. मलाही असंच अटीचं पत्र मिळालं होतं. अटी काय, तर मराठी संमतीपत्रात नुकसानभरपाईचं वाक्य घाला आणि रक्ताचा नमुना किती मिलिलिटर घेणार ते लिहा. दोन्ही त्याच संध्याकाळी केलं, बदललेल्या ओळींना पिवळा रंग देऊन, वर कव्हरिंग लेटर लावून फाईल दिली. ऑफिसातल्या गृहस्थांनी फाईल घेतली, इनवर्डचा शिक्का मारला आणि म्हणाले, 'पुढच्या मीटिंगला.' पुढची मीटिंग झाली नाही, कारण कमिटीतले वकील कोर्टात अडकले. त्यांच्याशिवाय मीटिंग भरत नाही हे खरंच आहे. कमिटीत किमान सात सदस्य, निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, आणि कोरमला पाच माणसं, औषध चाचणी असेल तर त्यात कायदा जाणणारा आणि सामान्य नागरिक हवाच. नियम चांगला आहे, पेशंटच्या बाजूचा आहे. त्यानंतर मीटिंग झाली तर माझी फाईल अजेंड्यावरच नव्हती. का नव्हती? 'नवीन प्रपोजल खूप होती, दुरुस्तीवाली मागे राहिली.' तोवर पाऊस ओसरला होता.

खरी चीड पुढे आहे. किरकोळ दुरुस्त्या पूर्ण कमिटीपुढे न्यायची गरजच नव्हती. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आधी मंजूर झालेल्या प्रपोजलच्या सुधारित प्रतीला एक्स्पिडायटेड रिव्ह्यूची सोय आहे. म्हणजे सदस्य-सचिव आणि नेमलेले एक-दोन सदस्य बघून पत्र देऊ शकतात. आणि आमच्या कमिटीच्या स्वतःच्या एसओपीत, म्हणजे लिखित कार्यपद्धतीतसुद्धा हेच लिहिलेलं होतं! एसओपी मागितली तर उत्तर मिळालं, 'ती रेसिडेंटना देत नाहीत.' फार्माकॉलॉजीच्या एका लेक्चरर बाईंनी त्यांच्या कपाटातली प्रत उघडून तो परिच्छेद दाखवला. पुढे त्याच सदस्य-सचिव झाल्या आणि दुरुस्तीच्या फायली आठवड्यात निघायला लागल्या. तीच खोली, तेच नियम, तोच शिक्का.

माझा थिसिस एका पावसाळ्याच्या पेशंटवर उरकला. सॅम्पल साइज ठरवलेल्यापेक्षा बराच कमी, कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं उत्तर असू शकेल तो पल्ला, एवढा रुंद की त्यातून काहीही म्हणता येईल. निष्कर्षात 'लक्षणीय फरक आढळला नाही' असं लिहिलं. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: 'फरक नव्हता की पेशंट नव्हते?' प्रश्न बरोबरच होता.

म्हणून तुम्ही हे करा. वाट बघत बसू नका, आणि ऑफिसच्या खिडकीवर तोंडीही बोलू नका. सदस्य-सचिवांच्या नावे अर्ज लिहा: अमुक तारखेचं पत्र, या अटी, या पानावर ही दुरुस्ती, संमतीपत्राची आवृत्ती १.१ अमुक तारखेची, एसओपीनुसार एक्स्पिडायटेड रिव्ह्यू व्हावा ही विनंती. एसओपी मिळत नसेल तर आयसीएमआरच्या तत्त्वांचा हवाला द्या. गाइडची सही घ्या, एचओडीमार्फत पाठवा. अभ्यास हंगामी आहे आणि वेळ गेल्यास वर्ष जाईल हे एका ओळीत लिहा, रडगाणं नको. चांगला सदस्य-सचिव असेल तर एवढ्याने काम होतं. नसेल तर तुमच्याकडे कागद राहतो, आणि विद्यापीठाकडे विषय बदलायची किंवा मुदतीची परवानगी मागताना तोच कामाला येतो.

पत्र हातात आलं की घाईत फोल्डरमध्ये टाकू नका, काउंटरवरच उभ्याने वाचा. थिसिसचं शीर्षक सिनॉप्सिसमधल्यासारखं शब्दन्‌शब्द आहे का? प्रोटोकॉल आणि मराठी-इंग्रजी संमतीपत्रांच्या आवृत्त्या व तारखा लिहिल्यात का? हजर सदस्यांची यादी आहे का? आमच्याकडच्या पत्रात यादीची जागा रिकामी असायची आणि शीर्षकात 'कंपॅरिझन'च्या जागी 'कंपॅरिटिव्ह' व्हायचं. सीटीआरआयवाले शीर्षक जुळलं नाही की क्वेरी काढतात, मग पत्र बदलून आणा, पुन्हा तेच ऑफिस, पुन्हा तीच खिडकी. सीटीआरआयचं खातं आजच उघडा, मोफत आहे. फॉर्म लांबलचक आहे, पण पत्र सोडून बाकी सगळं आत्ता भरून ठेवता येतं.

आता सरांच्या 'तारखेचं बघू'बद्दल. १ एप्रिल २०१८पासून सीटीआरआय फक्त पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करतं, मागाहून नाही. नोंदणीची तारीख आणि पहिल्या पेशंटची तारीख दोन्ही कोणालाही दिसतात. तुम्ही जुलैचा पेशंट सप्टेंबरचा दाखवलात तरी त्याचा केसपेपर, आयपीडी नंबर आणि फार्मसीच्या रजिस्टरमधली एएसव्हीच्या व्हायल्सची (कुप्यांची) नोंद जुलैचीच राहते. तुमचा तर रँडमायझेशनचा अभ्यास, कोणाला कोणता डोस हे चिठ्ठीने ठरणार. २०१९च्या औषध चाचणी नियमांनुसार बाजारात असलेल्या औषधाच्या वेगळ्या डोसचा असा शैक्षणिक अभ्यास दिल्लीच्या औषध नियंत्रकांच्या परवानगीशिवाय करता येतो, पण एथिक्स कमिटीची मंजुरी असेल तर. म्हणजे सगळा भार त्या एकाच पत्रावर आहे. ते नसताना माणसाला चिठ्ठी काढून कमी डोसाच्या गटात टाकलंत आणि काही बरंवाईट झालं, तर सर तुमच्या बाजूला उभे राहतील का, हे तुम्हीच ठरवा. (मी वकील नाही, कुठल्या कमिटीवरही नाही. नियम बदलतात, तुमच्या कॉलेजची एसओपी आणि नियमांची ताजी प्रत स्वतः बघा.)

मधल्या काळात काय करायचं? बीसीबीआर, म्हणजे चेन्नईच्या एनआयई या संस्थेचा, एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचा संशोधन पद्धतीचा कोर्स, तो तसाही सक्तीचा आहे, उरकून टाका. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून क्विझ सोडवणारे बरेच आहेत, पण सॅम्पल साइज (किती पेशंट लागतील) आणि बायस (निकाल एकीकडे झुकणं) यांचे भाग नीट बघा, पुढे स्टॅटिस्टिशियनशी बोलताना तेवढंच भांडवल असतं. आणि त्या स्टॅटिस्टिशियनला आत्ता भेटा, डेटा गोळा झाल्यावर नाही.

कॅज्युअल्टीत मात्र रोज जा, पेशंटचा डेटा न घेता. रजिस्टर कसं भरतात ते बघा. आमच्याकडे पेशंट आल्याची वेळ मिनिटासकट असायची आणि दंशाची वेळ 'सकाळी, शेतात' एवढीच. तुमचा निम्मा अभ्यास दंश ते पहिली व्हायल या वेळेवर उभा असणार. मग नातेवाइकाला काय विचारायचं हे आत्ताच ठरवा: चहा झाला होता का, एसटी गेली होती का, पाऊस कुठवर आला होता. दुसरं, २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. तिला कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत रक्त गोठायला हवं तसं गोठत नाही, आणि विष नसलेल्या पेशंटलाही एएसव्ही चढतं. वॉर्डात काय वापरतात ते रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा, दिवसपाळीच्या नव्हे. रिसर्च मेथडॉलॉजीच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा हे जास्त शिकवून जाईल, असं माझं मत.

ट्रान्सलेशनल म्हणजे लॅब, उंदीर आणि जीन्स असा समज असेल तर तो महाडकडे बघितलं की दूर होतो. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे पेशंट बघत १९८२ साली लॅन्सेटमध्ये निरीक्षणं छापली, त्यावर प्राझोसिन हे औषध वापरात आणलं, आणि पुढे विंचवाच्या अँटिव्हेनमसह प्राझोसिन विरुद्ध नुसतं प्राझोसिन अशी रँडमाइज्ड ट्रायल केली, ती २०११मध्ये बीएमजेत आली. गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी आणि तुलनेला ४७ गावं असा अभ्यास केला, तो १९९९मध्ये लॅन्सेटमध्ये आला आणि पुढे देशाच्या आशा कार्यक्रमात उतरला. सर्पदंशातही काम पडलंय: आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, पश्चिम घाटातल्या हंप-नोज्ड पिट व्हायपर या सापाच्या विषावर ते चालत नाही. तुमच्या कॅज्युअल्टीत 'साप ओळखता आला नाही' लिहिलेल्यांत काय काय आहे, हा स्वतंत्र थिसिस आहे. २०३०पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करायचा राष्ट्रीय आराखडा २०२४मध्ये आलाय, म्हणजे विषयाला आता निदान कान देणारे तरी आहेत.

आता अमेरिकेतलं एमएस. माझं मत थोडं कडू आहे. तिकडे एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २००६मध्ये सीटीएसए नावाची संशोधन-अनुदानाची योजना सुरू केल्यापासून मोठ्या विद्यापीठांत या पदव्या रुजल्या, शिक्षण चांगलं आहे यात वाद नाही. पण वेबसाइटवर 'ट्रेनींची फी ग्रँटमधून' असं दिसतं ना, ती ग्रँट बहुतेक वेळा टी-३२ या प्रशिक्षण अनुदानासारखी असते, आणि तिला नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ती नाही. फी खिशातून, आणि लायसन्सशिवाय पेशंटला हात लावता येत नाही, म्हणजे क्लिनिकल रिसर्च शिकायचा तो दुसऱ्याच्या डेटावर. तिकडे रेसिडेन्सी किंवा फेलोशिप मिळाली आणि विभाग फी भरत असेल तर जरूर करा. नुसत्या पदवीसाठी कर्ज काढून जाऊ नका. माझ्या ओळखीतले दोघं याच्या उलट सांगतील, त्यांचंही ऐका.

इथे राहून: कॅन्सरकडे जाणार असाल तर टाटा मेमोरियलचं क्रेडो वर्कशॉप बघा, प्रोटोकॉल घेऊन जायचं आणि तो तिथे लिहून काढायचा अशी पद्धत आहे. पुढे स्वतःचं काम उभं करायचं असेल तर संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल फेलोशिप. 'क्लिनिकल रिसर्च डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट' वाल्या जाहिरातींकडे एमडीच्या माणसाने बघूच नये. सीआरओत, म्हणजे कंपन्यांसाठी चाचण्या चालवणाऱ्या संस्थेत नोकरी करायची असेल, विशेषतः बीएएमएस, बीएचएमएस किंवा फार्मसीच्या मुलांना, तर त्यांचा उपयोग असू शकतो, पण आधी तिथून बाहेर पडलेल्या कोणाशी तरी बोला.

अटीच्या पत्रातला मजकूर, नावं झाकून, इथे टाकलात तर अर्जाचा मसुदा करून देतो. मंगळवार-शुक्रवार ओपीडी असते, त्यामुळे त्या दिवशी उत्तर रात्री येईल. आणि ते पत्र स्कॅन करताना मागची बाजूही करा, आमच्याकडे अटी मागच्या पानावर छापायचे.